मच्छीमार बोट बुडाली, डिझेल सुटलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेलवाहू जहाज फुटलं की जगभर बातमी होते. पन्नास-साठ फुटी मच्छीमार बोट बुडाली की माणसं वाचली ना, एवढं विचारून विषय संपतो. माणसं वाचणं पहिलं, यात वादच नाही. पण त्या बोटीच्या टाकीत काही हजार लिटर डिझेल असतं, आणि पुढे काय होतं हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना नीट माहीत असायला हवं.

उत्तरं देताना मी एक घटना मुख्यतः समोर ठेवली आहे. १३ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सॅन हुआन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत ‘अल्युशियन आयल’ नावाची ५८ फुटी बोट बुडाली. बोटीवरच्या पाचही जणांना जवळून जाणाऱ्या एका नौकेने वाचवलं. टाक्यांमध्ये जास्तीत जास्त २,६०० गॅलन, म्हणजे साधारण ९,८०० लिटर इंधन असावं असं सुरुवातीला जाहीर झालं. ही घटना निवडण्याचं कारण सोपं आहे. ती पर्ससीनची, म्हणजे मासळीला गोल वेढा घालणाऱ्या जाळ्याची बोट होती आणि आकाराने आपल्या मिरकरवाड्याला किंवा हर्णैला लागणाऱ्या मोठ्या बोटींच्या जवळची होती.

एका बोटीच्या डिझेलने एवढ्या मोठ्या समुद्राचं काय बिघडणार?

साऱ्या समुद्राचं बिघडणार नाही. त्या खाडीचं, त्या खडपाचं, त्या पुळणीचं बिघडू शकतं, आणि माणसं मासळी काढतात ती तिथेच.

हिशेब करून पाहा. पाण्यावर रुपेरी दिसणाऱ्या तवंगाची जाडी एका मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही) कितीतरी खाली असते. ०.१ मायक्रॉन धरली, तर एक लिटर डिझेल १०,००० चौरस मीटर पाणी झाकतं. म्हणजे एक हेक्टर, साधारण अडीच एकर. हजार लिटर एकदम सुटलं आणि सगळं तसं पसरलं तर कागदावर दहा चौरस किलोमीटर होतात. प्रत्यक्षात तेल एकसारखं पसरत नाही. वाऱ्याने त्याचे पट्टे होतात, काही उडतं, काही पाण्यात मिसळतं. तरी थोडं डिझेल किती दूर दिसू शकतं याचा अंदाज यावरून येतो.

हाच हिशेब उलट बाजूनेही लक्षात ठेवावा. मैलभर तवंग दिसला म्हणजे टनावारी तेल सुटलं असं नसतं. घाबरवणारे आकडे सोशल मीडियावर फिरतात तेव्हा जाडी किती धरली आहे, हे आधी विचारा.

डिझेल उडून जातं म्हणतात. खरं आहे का?

जेट्टीवर हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं, आणि ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यामुळेच हे पान लिहावंसं वाटलं.

खरा भाग असा. डिझेल हलकं आणि पातळ असतं. मोकळ्या समुद्रात वारा आणि लाटा असतील तर पाचशे ते पाच हजार गॅलनपर्यंतची गळती पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुधा काही तासांत ते काही दिवसांत दिसेनाशी होते. आपल्याकडचं पाणी कोमट असतं, त्यामुळे उडण्याचा वेग सॅन हुआनच्या थंड पाण्यापेक्षा जास्तच. कच्च्या तेलासारखा काळा चिकट थर किनाऱ्यावर बसत नाही.

आता उरलेलं अर्धं. दिसेनासं झालेलं सगळं हवेत गेलेलं नसतं. लाटांच्या घुसळणीने डिझेलचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात उतरतात, आणि त्यातले काही घटक पाण्यात विरघळतात. पहिल्याच संपर्कात जीव घेण्याच्या बाबतीत डिझेल हे सर्वांत विषारी तेलांपैकी एक मानलं जातं. खोल, वाहत्या पाण्यात ते इतकं विरळ होतं की मासे मरून तरंगल्याचं सहसा दिसत नाही. पण उथळ खाडीत, ओहोटीच्या वेळी, वारा पडलेला असताना तेवढंच डिझेल सुटलं तर मासे, खेकडे, शिंपल्या मरू शकतात.

कॅनडातलं उदाहरण बघा. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी ब्रिटिश कोलंबियात बेला बेलाजवळ ‘नेथन ई. स्टुअर्ट’ ही टगबोट खडकावर चढली. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला झोप लागली होती. टग बुडाली आणि सुमारे १ लाख १० हजार लिटर डिझेल समुद्रात गेलं. हे पाणी हायल्टसुक या आदिवासी समाजाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं मासळीचं ठिकाण. गेल पास परिसरातल्या त्यांच्या शिंपल्यांच्या जागा बंद कराव्या लागल्या. पाण्यावरचा तवंग गेला, पण शिंपल्या काढणाऱ्या कुटुंबांचं उत्पन्न परत आलं नाही. २०१९ मध्ये टगच्या मालक कंपनीला २९ लाख कॅनेडियन डॉलर दंड झाला.

म्हणून ‘उडून गेलं’ असं कोणी सांगितलं की एकच विचारावं: पाण्यावरून गेलं, की चिखलातून आणि शिंपल्यांतूनही गेलं?

बोट बुडाल्यावर टाकीतलं डिझेल बाहेर येतं कसं? टाकी तर बंद असते ना?

टाकी पूर्ण बंद कधीच नसते. डिझेल वापरलं जातं तशी टाकीत हवा शिरायला हवी, म्हणून प्रत्येक टाकीला हवेचा एक पाइप असतो. त्याचं तोंड डेकवर, वाकवून खाली केलेलं. शिवाय भरण्याचं झाकण. त्याचं वायसर झिजलेलं असेल तर तिथूनही वाट होते.

बोट पाण्याखाली गेली की एका तोंडातून समुद्राचं पाणी आत शिरतं आणि हलकं डिझेल दुसऱ्या तोंडातून वर निघतं. रिकामी बाटली बादलीत बुडवल्यावर जसं पाणी आत शिरतं आणि हवा गुडगुडत बाहेर पडते, तसंच. बोट कुठल्या कुशीवर पडली आहे यावर सगळं ठरतं. पाइपाचं तोंड वरच्या बाजूला असेल तर टाकी लवकर रिकामी होते. तोंड खाली दबलं असेल तर डिझेल आतच कोंडून राहतं, आणि प्रवाहाने बोट जरा सरकली की पुन्हा सुटतं. बुडाल्यानंतर दोन दिवस काही नाही आणि तिसऱ्या दिवशी अचानक तवंग, असं होतं ते यामुळे.

पाणबुडे खाली जातात तेव्हा त्यांचं पहिलं काम ही तोंडं शोधून बुजवण्याचं असतं. कामाची पद्धत साधी असते: पाइपात लाकडी गुट्टी ठोकायची, पाण्याखाली घट्ट होणारं लुकण भरायचं. वर हेलिकॉप्टर, जहाजं, कॅमेरे असतात. समुद्राला खरा दिलासा देते ती ही मूठभर गुट्टी.

पाण्यावर रंग दिसले की ते तेलच समजायचं का?

नाही. खाडीच्या कडेला, खारफुटीत, साचलेल्या पाण्यावरही इंद्रधनुषी पापुद्रा दिसतो. तो पुष्कळदा लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा असतो आणि पूर्ण नैसर्गिक असतो.

ओळखायला काठी पुरते. पापुद्र्यात काठी फिरवा. जिवाणूंचा असेल तर काचेसारखे तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात. तेलाचा असेल तर काठीमागे रंग ओढला जातो आणि मोडलेली जागा लगेच पुन्हा जुळते. वासानेही कळतं, पण डिझेलचा वास मुद्दाम हुंगत बसू नये. डोकं दुखतं, मळमळतं.

साबण किंवा डिटर्जंट टाकून तवंग घालवता येतो का?

तवंग जाईल. तेल जाणार नाही.

साबणाने तेलाचे थेंब बारीक होऊन पाण्यात उतरतात. वरून पाणी स्वच्छ दिसतं आणि खाली माशांच्या कल्ल्यांपर्यंत, अंड्यांपर्यंत, शिंपल्यांपर्यंत तेल पोहोचतं. साबण स्वतःही जलचरांना घातक असतो. अमेरिकेत असं करणं बेकायदा आहे. तेल-विखुरक रसायनंही डिझेलच्या पातळ तवंगावर सहसा वापरत नाहीत, कारण जे आपोआप विरळ होणार आहे त्यात आणखी रसायन मिसळून हाती काही लागत नाही. कोणी हौसेने बादलीभर साबण घेऊन निघाला असेल तर त्याला थांबवा.

मग बूम लावून डिझेल अडवायला काय हरकत आहे?

बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारा अडसर, खाली झालर असलेला. शांत बंदरात तो छान काम करतो. अडचण प्रवाहाची असते. प्रवाह बूमवर काटकोनात येत असेल आणि त्याचा वेग साधारण ०.७ नॉटच्या (ताशी सुमारे १.३ किलोमीटरच्या) वर गेला, की तेल झालरीखालून निसटतं. कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत यापेक्षा जास्त ओढ असते. सॅन हुआनजवळच्या हारो सामुद्रधुनीत तर ती फारच.

म्हणून जाणती माणसं तेल अडवायच्या मागे न लागता जागा वाचवायच्या मागे लागतात. वॉशिंग्टन राज्यात किनाऱ्याच्या प्रत्येक भागासाठी आराखडे आधीच तयार असतात: कुठल्या खाडीत शिंपल्या आहेत, कुठे पक्षी आहेत, बूम कुठून कुठपर्यंत आणि कुठल्या कोनात ताणायचा. ‘अल्युशियन आयल’ बुडाल्यावर हे आराखडे काढूनच संवेदनशील जागांचं रक्षण केलं गेलं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. तेल सुटल्यावर नकाशा उघडून शिंपल्या कुठे आहेत हे शोधत बसलं तर भरतीची एक वेळ हातातून जाते, आणि पुष्कळदा तेवढ्यातच व्हायचं ते होऊन जातं.

एक ५८ फुटी बोट वर काढायला पाच आठवडे कसे लागले?

बोट बुडाली ती उतारावर. आधी वाटली त्यापेक्षा ती खाली घसरली आणि २०० फुटांपेक्षा जास्त खोल गेली. २०० फूट म्हणजे सुमारे ६१ मीटर. तिथे दाब पृष्ठभागाच्या सातपट. नेहमीची दाबलेली हवा घेऊन माणूस तिथे सुरक्षित काम करू शकत नाही. हवेतला नायट्रोजन डोक्यात नशेसारखा चढतो, निर्णय चुकतात. त्यासाठी हेलियम मिसळलेला वायू लागतो, वर आल्यावर दाब हळूहळू उतरवणारी कोठडी लागते, आणि हे सगळं वाहून नेणारा मोठा बार्ज (सपाट तळाचा मालवाहू पडाव) लागतो. ही सामग्री जमवण्यातच दिवस गेले.

त्यात प्रवाह. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थोडा वेळ स्थिर होतं तेवढ्यातच पाणबुड्यांना काम करता येतं. बोटीवर पर्ससीनचं जाळंही होतं. सैल सुटलेलं जाळं पाणबुड्यासाठी सापळा असतं आणि देवमाशांसाठीही, त्यामुळे त्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बोट वर आली आणि बार्जवर चढवली गेली.

या कामात तटरक्षक दल, राज्याचा पर्यावरण विभाग, स्थानिक काउंटी आणि स्विनोमिश हा तिथला आदिवासी समाज एकाच संयुक्त नियंत्रणाखाली होते. आदिवासी प्रतिनिधी पाहुणे म्हणून बोलावले नव्हते, निर्णयात होते. आपल्याकडे अशा वेळी मच्छीमार सोसायटीच्या माणसाला टेबलावर जागा मिळाली तर किती फरक पडेल! कुठल्या वाऱ्याला तेल कुठल्या पुळणीवर लागेल हे बोट चालवणाऱ्या तांडेलाइतकं कोणाला माहीत असणार?

ऑर्कांना पळवायला लोखंडी नळ्या वाजवण्याची तयारी केली होती, असं वाचलं. हे काय प्रकरण?

सॅन हुआनच्या पश्चिमेचं पाणी म्हणजे दक्षिणेकडच्या निवासी ऑर्कांचा (‘किलर व्हेल’चा) उन्हाळ्यातला वावर. २०२२ च्या उन्हाळ्यात या समूहात फक्त ७३ ऑर्का उरले होते. मुख्य अन्न चिनूक सामन हा मासा, आणि तोच कमी झाला आहे. ऑर्का श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतात आणि नेमकी तिथेच डिझेलची वाफ असते. नाकावाटे ती थेट फुप्फुसात जाते.

भीती हवेतली नाही. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ फुटलं. तिथे ‘एटी-१’ या नावाने ओळखला जाणारा २२ ऑर्कांचा समूह होता. वर्षभरात त्यातले नऊ दिसेनासे झाले. त्यानंतर त्या समूहात एकही पिल्लू जन्मल्याची नोंद नाही. ते कच्चं तेल होतं, प्रमाणही प्रचंड होतं, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. पण ७३ च्या समूहात दोन-तीन माद्या गेल्या तरी पुढची पिढी अडचणीत येते, म्हणून काळजी घेतली गेली.

नळ्यांना तिथे ‘ओइकोमी’ म्हणतात. नावेच्या कडेने लांब धातूच्या नळ्या पाण्यात सोडायच्या आणि वरच्या टोकावर हातोडीने ठोकायचं. पाण्याखाली आवाज दूर जातो आणि ऑर्का वळतात. हा उपाय त्यांना त्रास देणाराच आहे, म्हणून प्रशिक्षित पथक आणि परवानगीशिवाय तो करत नाहीत. पथकं तयार ठेवली होती, आणि ऑर्का कुठे आहेत यावर सतत नजर होती.

आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत कुबडे डॉल्फिन उथळ पाण्यातच फिरतात. डिझेलची वाफ त्यांनाही तशीच लागेल.

अशा ठिकाणची मासळी खावी का?

मासळीचे दोन गट करा, मग उत्तर सोपं होतं.

बांगडा, सुरमई, पापलेट असे पोहणारे मासे तेलापासून दूर जाऊ शकतात. शिवाय तेलातले घातक घटक मोडून शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा त्यांच्या यकृतात चांगली असते. मोकळ्या समुद्रातल्या छोट्या डिझेल गळतीनंतर अशा माशांना सहसा धोका राहत नाही.

तिसऱ्या, कालवं, शिणाणे या शिंपल्यांचं वेगळं. ती जागची हलत नाहीत, दिवसभर पाणी गाळतात, आणि हे घटक मोडण्याची त्यांची ताकद फार कमी. पाण्यात आलेलं तेल ती अंगात साठवतात. चांगली गोष्ट ही की स्वच्छ पाणी मिळालं तर ती बहुधा काही आठवड्यांत ते बाहेर टाकतात. तोपर्यंत खाऊ नयेत आणि विकूही नयेत. उथळ पाण्यातल्या चिंबोऱ्यांनाही वास लागतो.

शिजवून डिझेलचा अंश जात नाही, आणि कोकम-चिंच घालूनही नाही. उकडताना वास आला तर टाकून द्या. वास नाही म्हणजे निर्धोक, असंही समजू नका. जागा मोकळी झाल्याचं तपासणीनंतर जाहीर होईपर्यंत थांबा.

आणि उलटी काळजीही हवी. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ यांची टक्कर झाली तेव्हा सुमारे ८०० टन तेल सांडलं, खारफुटी काळी पडली, आणि घाबरून लोकांनी मासे खाणंच सोडलं. फटका त्या पाण्यात न गेलेल्या कोळणींनाही बसला. कुठल्या भागातली कुठली मासळी टाळायची हे यंत्रणांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं तर बाकीच्यांचा धंदा वाचतो.

डिझेलऐवजी जड तेल असेल तर?

मग सगळंच बदलतं. मोठ्या कारखानी ट्रॉलरमध्ये डांबराच्या जवळ जाणारं जड इंधन असतं. ‘ओलेग नायदेनोव्ह’ हा रशियन ट्रॉलर एप्रिल २०१५ मध्ये कॅनरी बेटांवर लास पाल्मास बंदरात पेटला. टाक्यांमध्ये १,४०० टनांच्या आसपास इंधन. बंदर आणि शहर वाचवायला तो जळता ट्रॉलर ओढून समुद्रात नेला, आणि ग्रॅन कनेरियाच्या दक्षिणेला तो सुमारे २,७०० मीटर खोल बुडाला. थोड्याच दिवसांत तेल बेटाच्या किनाऱ्याला लागलं. एवढ्या खोलीवर माणूस जाऊच शकत नाही. दूरनियंत्रित रोबो पाठवून भेगा बुजवाव्या लागल्या.

बंदरात ठेवून आग विझवायची की बाहेर काढायचं, यावर स्पेनमध्ये मोठा वाद झाला. बंदरातली आग माणसांच्या जिवावर येते हे मला मान्य आहे. तरीही तेल एका ठिकाणी कोंडलेलं असताना आवरता येतं, अडीच किलोमीटरहून जास्त खाली गेल्यावर नाही, हा मुद्दा मला जास्त पटतो.

बुडालेली बोट तिथेच राहू दिली तर?

डिझेल संपलं तरी बोटीत बरंच उरतं: इंजिन ऑइल, विंचचं हायड्रॉलिक तेल, बॅटऱ्या, तळाला लावलेला विषारी रंग. लोखंडी टाकी आज धरून आहे, दहा वर्षांनी गंजेल. पर्ल हार्बरला १९४१ मध्ये बुडालेल्या ‘अ‍ॅरिझोना’ युद्धनौकेतून आजही तेलाचे थेंब वर येतात.

मच्छीमारांसाठी आणखी एक रोजचा त्रास म्हणजे सांगाड्यात जाळी अडकून फाटणं. आणि बोटीवर सुटलेलं जाळं कोणी ओढणारा नसतानाही मासे, कासवं पकडत राहतं. काढणं शक्य नसेल तर निदान टाक्या रिकाम्या कराव्यात, जाळं काढावं आणि जागेची अक्षांश-रेखांशासह नोंद सगळ्या सोसायट्यांना द्यावी.

खर्च कोण भरतो?

तत्त्व सोपं: ज्याचं तेल त्याचा खर्च. अमल अवघड, कारण छोट्या बोटमालकाकडे एवढा पैसा नसतो.

अमेरिकेत १९९० च्या तेलप्रदूषण कायद्यानंतर तेलावरच्या करातून भरला जाणारा निधी आहे. मालकाची कुवत संपली तरी काम थांबत नाही, निधीतून चालू राहतं, वसुली नंतर. ‘अल्युशियन आयल’साठीही तो निधी वापरला गेला.

आंतरराष्ट्रीय करार मोठ्या जहाजांसाठी घडवलेले आहेत. जहाजाच्या इंधनगळतीबद्दलच्या करारात विम्याची सक्ती १,००० टनांहून मोठ्या जहाजांना आहे, आणि बुडालेली जहाजं काढण्याच्या नैरोबी करारात ती ३०० टनांपासून सुरू होते. मच्छीमार बोट दोन्हीतून सुटते.

आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाचा एक निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईजवळ कोळसा घेऊन जाणारं ‘रॅक कॅरियर’ बुडालं. त्यात ६० हजार टनांहून जास्त कोळसा आणि इंधन तेल होतं. २०१६ मध्ये लवादाने पर्यावरणाच्या हानीपोटी १०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. पाच वर्षं लागली, पण बुडालेल्या जहाजाची जबाबदारी बुडत नाही हे तरी त्यातून ठरलं. छोट्या बोटींसाठी मात्र सरकारी निधी हाच रास्त मार्ग आहे, असं मला ठामपणे वाटतं. दंडाची भीती घातली तर गरीब बोटमालक बोट बुडाल्याचं कळवायला उशीर करेल, आणि उशीर झाला की डिझेल पसरतं.

आपल्या किनाऱ्यावर असं झालं तर कोणाला कळवायचं?

माणसं संकटात असतील तर आधी तटरक्षक दलाचा १५५४ हा नि:शुल्क क्रमांक. भारतात समुद्रातल्या तेलगळतीचा राष्ट्रीय आराखडाही तटरक्षक दलच चालवतं. त्यात ७०० टनांपर्यंतची गळती पहिल्या स्तरात, म्हणजे स्थानिक पातळीवर हाताळायची मानली आहे. मच्छीमार बोटीची गळती त्या मर्यादेच्या फार खाली, म्हणूनच ती कोणाच्याच खात्यात न पडण्याची शक्यता जास्त. बंदराची हद्द असेल तर बंदर अधिकारी, किनाऱ्याला तेल लागलं तर जिल्हा प्रशासन आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि मत्स्यव्यवसाय विभाग, सगळ्यांना कळवा.

सांगताना ठिकाण, वेळ, वारा कुठून, भरती की ओहोटी, तवंग रुपेरी की रंगीत की गडद, आणि जवळ खारफुटी, कालवांची खडपं किंवा कासवांची पुळण आहे का, एवढं सांगा. ‘थोडंसं तेल आहे’ म्हणून गप्प राहू नका. अमेरिकेच्या कायद्यात किती लिटर हा प्रश्नच नाही. पाण्यावर तवंग दिसला की कळवणं बंधनकारक होतं.

बोटीवरच्या माणसांनी आधीच काय करून ठेवावं?

बोट जात असेल तर लाइफजॅकेट घाला आणि निघा. डिझेलसाठी जीव धोक्यात घालू नका. हाताशी वेळ असेलच तर इंधनाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.

खरी तयारी किनाऱ्यावर होते. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते आणि ऑगस्टच्या उसळत्या समुद्रात बोटी उतरतात, त्याआधीच भरण्याच्या झाकणाचं वायसर बदला आणि हवेच्या पाइपाचं तोंड तपासा. तळात पाणी भरल्याचं सांगणारा अलार्म बसवा. खर्च जाळ्याच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही. मागच्या कप्प्यात पाणी शिरलं तर ते उशिरा कळतं आणि बोट मागून बसते. तळातलं तेलकट पाणी बंदरात उपसू नका. तेल शोषणारी गादी तिथे ठेवली तर पाणी जातं, तेल गादीत राहतं. वर्षभर रोज थोडं थोडं सोडलेलं हे तेल एकदा बुडालेल्या बोटीपेक्षा खाडीला जास्त जड जाऊ शकतं.

नुकसानभरपाई मागायची झाली तर पुरावा म्हणून काय जपायचं?

तवंगाचा नमुना. तो पहिल्या काही तासांतच मिळतो. काचेची स्वच्छ बाटली घ्या, प्लास्टिकची नको, कारण प्लास्टिक तेल शोषतं आणि स्वतःचे घटक त्यात सोडतं. झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावा. पाण्याचा वरचा थर भरा, चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, बाटली अंधारात बर्फावर ठेवा. बर्फ तर आपल्याकडे असतोच. प्रयोगशाळेत या नमुन्याची बुडालेल्या बोटीच्या टाकीतल्या डिझेलशी तुलना करता येते. सोबत मेलेल्या शिंपल्यांचे तारखेसह फोटो, आणि गेल्या दोन-तीन हंगामांच्या विक्रीच्या पावत्या जोडा. कालवं काढणाऱ्या बायकांकडे पावत्या नसतात. त्यांची रोजची विक्री सोसायटीच्या वहीत आजपासूनच लिहायला लागा.